कोरियाचं कॉमिक्स आणि खणभागातली पुढची खोली

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही कोरियन कॉमिक्सवर पाऊण पान दिलंत. पोरं रात्र रात्र मोबाईलवर कोरियन चित्रकथा वाचतात, डोळे बिघडतात, मराठी वाचन संपलं आणि या सगळ्याच्या मुळाशी ती नाचगाणी करणारी कोरियन पोरं आहेत, असा एकूण सूर होता. लेख लिहिणाऱ्यांनी त्यातली एक तरी चित्रकथा शेवटपर्यंत वाचली असेल असं मला वाटलं नाही. मी चार वाचल्यात. वय ७० आहे, डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि तरी वाचल्यात, म्हणून हे पत्र.

हा धंदा मला परका नाही. १९७७ साली माझ्या मिस्टरांनी खणभागात, घराच्याच पुढच्या खोलीत, पुस्तकं भाड्याने द्यायला सुरुवात केली. कादंबऱ्या, रहस्यकथा आणि दिवाळी अंक मांडणीत. दारापाशी दोरी बांधून तिच्यावर कपड्यांचे चिमटे लावून इंद्रजाल कॉमिक्स. वेताळ, मँड्रेक, बहादूर. आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण डेंकालीच्या जंगलातला तो वेताळ चक्क मराठी बोलायचा. दिवसाला दहा पैसे, पुढे पंचवीस झाले. तिथेच बाकावर बसून वाचलं तर निम्मे. मिस्टर दिवसा नोकरीला जायचे, त्यामुळे गल्ल्यावर मीच. भिंतीवर माझ्या अक्षरात पाटी होती, 'भडंग खाऊन पुस्तकास हात लावू नये.' कोणी पाळली नाही. पाव शतक सांगलीच्या पोरांच्या बोटांचं तेल मी कॉमिक्सच्या पानांवरून पुसलंय.

दुकानाचे नियम दोनच. नव्या गिऱ्हाइकाला पहिलं पुस्तक फुकट. आणि नवा अंक आला की त्या दिवशी दुप्पट भाडं. ज्याला धीर असेल त्याने आठ दिवसांनी नेहमीच्या भावात न्यावा. धीर कोणाला नसायचा. हे दोन नियम ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत.

२००५ च्या पुरात खोलीत छातीभर पाणी आलं. पाणी उतरल्यावर गेलो तर लोखंडी मांडणीतली पुस्तकं फुगून एकमेकांत अशी आवळून बसली होती की ओढून निघेनात. मिस्टरांनी कटावणी लावून काढली. मग ते म्हणाले, आता पुरे. मीही हो म्हटलं. पोरं तोवर सायबर कॅफेत जायला लागली होतीच.

आता कोरियाचं ऐका. तिथेही असलीच दुकानं होती. मानह्वा म्हणजे त्यांची चित्रकथा आणि ती बसून वाचायच्या जागेला मानह्वाबांग म्हणतात. बांग म्हणजे खोली. आमची पुढची खोलीच म्हणा की. १९९७ च्या अखेरीस कोरियावर मोठं आर्थिक संकट आलं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला. कारखान्यांतून, कचेऱ्यांतून माणसं घरी बसली आणि त्यातल्या कित्येकांनी, थोड्या भांडवलात होतं म्हणून, पुस्तकं भाड्याने द्यायची दुकानं टाकली. प्रकाशक ओरडायला लागले की लोक विकत घेईनात, भाड्याने नेतात. (हेच वाक्य एका प्रकाशकांनी आमच्या बाकावर बसून, आमचाच चहा पीत, मला ऐकवलं होतं.) मग इंटरनेट घरोघर गेलं, कोणीतरी पानं स्कॅन करून फुकट वाटायला लागलं. मासिकं बसली, दुकानं बसली, चित्रकार रिकामे झाले. म्हणजे आमच्यासारखंच. आमच्याकडे पूर आला, त्यांच्याकडे नाणेनिधी, एवढाच फरक.

इथवर आपली आणि त्यांची गोष्ट एक आहे. तुमच्या लेखात हा भाग नव्हताच. जणू कोरिया एक दिवस झोपेतून उठला आणि त्याने जग जिंकलं.

दाउम आणि नेव्हर नावाच्या तिथल्या दोन वेबसाइट. (नेव्हरचा इंग्रजीतल्या 'कधीच नाही'शी संबंध नाही, मी नातीला विचारलं.) लोक तिथे काहीतरी शोधायला, बातम्या बघायला, मेल वाचायला जायचे. आलेल्या माणसाने जरा जास्त वेळ थांबावं म्हणून दाउमने २००३ मध्ये आणि नेव्हरने २००४ मध्ये चित्रकथा ठेवायला सुरुवात केली, फुकट. हॉटेलच्या गल्ल्यावर बडीशेप ठेवतात तशी. पुढे बडीशेपेनेच हॉटेल चालवलं ही गोष्ट वेगळी. २००४ मध्येच किम जुन-कू नावाचा एक तरुण नेव्हरमध्ये इंजिनियर म्हणून लागला. काम शोधयंत्राचं, नाद कॉमिक्सचा. चित्रकथांचं खातं त्याने अंगावर घेतलं, पुढे त्या खात्याची 'वेबटून' नावाची वेगळी कंपनी झाली आणि आज तिचा प्रमुख तोच आहे. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. गल्ल्यावर वाचणारा माणूस बसला होता.

त्याचं पुढे काय झालं त्याचे आकडे तुमच्या लेखात होते, ते पुन्हा थोडक्यात. जून २०२४ मध्ये ही कंपनी अमेरिकेत नॅसडॅक नावाच्या शेअर बाजारात आली, २१ डॉलरला एक शेअर, साधारण साडेएकतीस कोटी डॉलर उभे केले. महिन्याला जवळपास १७ कोटी लोक वाचतात, दीडशेवर देशांत, असं कंपनीनेच तेव्हा कागदोपत्री सांगितलं. लेखात नव्हतं ते मी सांगते. दोनच महिन्यांनी तिमाहीचे आकडे आले आणि शेअर एका दिवसात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आपटला. आमचे जावई शेअरचं बघतात, ते म्हणाले, "आई, तुमच्या कोरियनांचं काही खरं नाही." मी म्हटलं, दुकान चालतंय की नाही ते गिऱ्हाईक बघून ठरतं, जावईबापू. पण त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही, म्हणून इथे लिहिलं.

आता वाचण्याबद्दल. माझी नात १९ वर्षांची आहे, चित्रकलेच्या कॉलेजात जाते. तिने मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आज्जी, फक्त अंगठा वर सारत राहा." मला आधी वैताग आला. पान नाही, चौकट नाही, एकाखाली एक चित्रं, मध्ये केवढी तरी मोकळी जागा. कागद फुकट म्हणून उधळपट्टी करतात असं वाटलं. तिसऱ्या भागात डोक्यात प्रकाश पडला. ती मोकळी जागा म्हणजे वेळ. माणूस दार उघडतो, मग खाली नुसता काळोख, अंगठा सारतोय, सारतोय, अजून काळोखच, आणि मग एक हात. माझ्या हातून मोबाईल पडायचा राहिला.

इंद्रजालच्या पानात हे जमत नव्हतं. पान उघडलं की कोपऱ्यातलं शेवटचं चित्र डोळ्याला आधी दिसायचं. आमची अर्धी गिऱ्हाइकं तर शेवटचं पान वाचून मगच पुस्तक न्यायची, आणि बाकीच्यांना सांगायची. इथे पुढचं दिसतच नाही. हे कोरियनांनी मोबाईलसाठी शोधलं असा तुमचा समज दिसतो, तसं नाही. कांग फुल नावाच्या चित्रकाराने २००३ मध्ये दाउमवर प्रेमकथा सुरू केली ती अशीच वरून खाली होती. तेव्हा लोक घरच्या कॉम्प्युटरवर माउसचं चाक फिरवून वाचायचे. मोबाईल नंतर आला आणि त्याला हे आयतं अंगठ्याच्या मापाचं मिळालं.

नातीने स्वतः एक चित्रकथा काढलीय, २०१९ च्या पुराची. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तो ऑगस्ट. आमच्या घरातल्या लाकडी जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. तिने एक-एक पायरी एक-एक चित्र केलीय. वर मी कंदील घेऊन उभी. अंगठा सारला की पहिली पायरी, कोरडी. दुसरी, तिच्यावर मांजर. तिसरी. चौथी, तिच्यावर मिस्टरांचा फोटो, भिंतीवरून काढून ठेवलेला. पाचवी. सहावी जरा काळसर. सातवीला पाणी. त्याखाली सात पायऱ्या पाण्यातल्या, हलत्या, हिरव्या. आणि सगळ्यात खाली पुढची खोली, तिच्यात तरंगणारी पाटी, भडंगाची. पाटी तेव्हा खरं तर तिथे नव्हती, २००५ मध्येच गेली. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "आज्जी, चित्रात असते." पान उलटून हे होणार नाही. मी दोनदा वाचलं आणि मग देवापुढे जाऊन बसले.

आता पैशाचं. संपादक महाशय, पत्र लांबलंय याची मला जाणीव आहे. कात्री चालवायची तर वर चालवा, इथे नको.

कोरियात जे घडलं ते चित्रकाराच्या हातात दर हप्त्याला पैसे पडले म्हणून घडलं. वाचकाला फुकट होतं तेव्हाही, नेव्हरने ज्यांना नेमून घेतलं त्यांना भागामागे मानधन मिळायचं. कोणाला नेमायचं हे ठरवायला त्यांनी उघडा फळा ठेवला. कोणीही यावं, चित्रकथा टाकावी, लोकांनी वाचावी. वाचक जमले की कंपनी बोलावणार. शिफारसपत्र नाही, ओळख नाही. २०१३ पासून जाहिरातीतला वाटा चित्रकाराला द्यायची पद्धत पाडली. आणि वाचकाकडून पैसे कसे काढले? ताजा भाग आठवड्याला फुकट; पुढचे भाग आजच वाचायचे असतील तर पैसे टाका. काकाओ म्हणून त्यांची दुसरी मोठी कंपनी आहे, तिने तर २०१४ मध्ये पद्धतीचं नावच ठेवलं, 'थांबलात तर फुकट'. मी हे ऐकलं आणि नातीपुढे मोठ्याने हसले. दुप्पट भाडं आजच्या अंकाला, थांबणाऱ्याला नेहमीचा भाव! खणभागात पन्नास वर्षांपूर्वी पंचवीस पैशांत जे चालायचं ते यांनी डॉलरमध्ये केलं. फरक एवढाच की आमच्या गल्ल्यातलं काही चित्रकारापर्यंत जात नव्हतं. वेताळ कोण काढतो हे आम्हाला ठाऊकही नव्हतं. तो दोष आमच्याकडे, मान्य.

तिथे सगळं गोडच आहे असं मी म्हणत नाही. दर आठवड्याला साठ-सत्तर रंगीत चित्रं म्हणजे माणूस जात्यात भरडून निघतो. 'सोलो लेव्हलिंग' ही आज जगभर गाजलेली चित्रकथा काढणारे जांग सुंग-राक जुलै २०२२ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. वय ३७. त्यांना आधीपासून आजार होता, पण त्यानंतर चित्रकारांच्या राबण्याबद्दल तिथे बराच गदारोळ झाला. नात रात्री दोनपर्यंत वाकून काढत बसते तेव्हा मला हे नाव आठवतं आणि मी दिवा बंद करते. ती पुन्हा लावते.

आता आपल्याकडे या. दक्षिण कोरियाची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख. म्हणजे आपण 'छोटी भाषा, छोटा बाजार' म्हणून रडायचं कारण नाही. ज्या भाषेतून हे सगळं उभं राहिलं ती बोलणारी माणसं त्या देशात आपल्यापेक्षा कमी आहेत. चित्रातून गोष्ट सांगणंही आपल्याला नवं नाही. पलीकडे औंधला प्रत्यक्ष राजाच, बाळासाहेब पंतप्रतिनिधी, हातात कुंचला घेऊन रामायणाची चित्रं काढत बसायचा. आणि दैनिकात रोजची चित्रं चालत नाहीत असं तर तुम्ही म्हणूच नका. १९९१ पासून दोन माणसांनी मिळून एका खोडकर पोराला दुसऱ्या एका दैनिकात रोज आणलं, तेव्हा आमच्या दुकानात येणारी पोरं तो पेपर मागच्या बाजूने उघडायची. तुमच्या स्पर्धकाचं नाव घेत नाही, तुम्हाला कळलं असेलच.

मग अडतं कुठे? नातीचाच अनुभव सांगते. एका दिवाळी अंकाने तिच्याकडून आठ पानं चित्रं काढून घेतली. दोनदा बदल करायला लावले. मानधन म्हणून अंकाच्या दोन प्रती आल्या, त्याही आम्ही टपालखर्च भरल्यावर. नाव लिहीत नाही. पण हे काही एकट्या त्यांचं नाही. लेखकाला निदान शाल-नारळ तरी देतात, चित्रकाराला 'तुमचं नाव होतंय' म्हणतात. त्या रागात पोरीने पुराची चित्रकथा त्या कोरियन कंपनीच्या उघड्या फळ्यावर टाकली. तिथे भाषा निवडायची यादी येते. त्यात थाई आहे, इंडोनेशियाची आहे, जर्मन आहे. मराठी नाही. काकाओचा हात असलेल्या एका कंपनीने २०१९ मध्ये भारतासाठी वेगळं ॲप आणलं होतं, तेही इंग्रजी, हिंदी आणि तेलुगूत. म्हणून नातीने इंग्रजीत लिहिलं.

तर त्या इंग्रजी गोष्टीत मी जिन्यावर उभी राहून "ओ डिअर" म्हणते. मी जन्मात कधी ओ डिअर म्हटलेलं नाही. सातव्या पायरीवर पाणी बघून मी खरं काय म्हटलं ते नातीला चांगलं आठवतं. मी म्हटलं होतं, "आली गं बाई कृष्णामाई घरात, आता हिला बसायला काय देऊ." ते इंग्रजीत कसं लिहायचं हे तिला कळेना, मलाही सांगता येईना. आतापर्यंत २१२ जणांनी ती वाचलीय, त्यात एक फिलिपिन्सचा मुलगा आहे. त्याने लिहिलंय, आमच्याकडेही असंच पाणी येतं. चांगलं वाटलं. पण माधवनगरच्या पोराने ती वाचलेली नाही, आणि तो पूर त्याचाही होता.

मग आम्ही दोघींनी ती मराठीत करायला घेतली. तिथे नवीन त्रास. चित्रं काढायच्या त्या ॲपमध्ये मराठी लिहिलं की जोडाक्षरं फुटतात. 'कृष्णा' लिहायला गेलं की ष आणि णा वेगवेगळे होऊन उभे राहतात, भांडण झालेल्या जावांसारखे. शिवाय कोरियन अक्षरं चौकोनी डबीत बसतात म्हणे, आपल्याला वर वेलांटी, खाली उकार, दोन ओळींत अंतर ठेवावं लागतं. बोलण्याचा फुगा मोठा होतो आणि चित्रातल्या माणसाचं डोकं झाकतो. शेवटी नात म्हणाली, "आज्जी, पाटीसारखं तूच लिही." मी कागदावर बोरूने लिहिते, ती फोटो काढून चित्रात चिकटवते. हात थोडा थरथरतो. ती म्हणते, पुराच्या गोष्टीत चालतं.

आता मागणं. तुमच्या वेबसाइटवर रोज लाखभर लोक येतात असं तुम्हीच पहिल्या पानावर छापता. तिथे रोजचं भविष्य आहे, कोडं आहे, नटीच्या साडीचे बारा फोटो आहेत. त्यात एक जागा चित्रकथेला द्या. जत, विटा, तासगाव, कुठल्याही गावच्या पोराने मराठीत काढून टाकावी असा उघडा फळा. त्यातून दर तिमाहीला दोघांना निवडा आणि भागामागे पैसे द्या. एका भागाला पंधराशे म्हणते मी. तुम्हाला जमत असतील तर जास्त द्या, पण 'प्रती देऊ' म्हणू नका. दोन आठवडे भाग, तिसऱ्या आठवड्याला सुट्टी, म्हणजे पोरांच्या पाठी मोडणार नाहीत. निवडायला मात्र वाचणारा माणूस बसवा. पुरवणीतला तो लेख ज्यांनी लिहिला त्यांना बसवू नका. माझा त्यांच्यावर वैयक्तिक राग नाही.

सोबतच्या पाकिटात आमच्या चित्रकथेचा पहिला भाग, मराठी, ४१ चित्रं, छापून एकाखाली एक चिकटवून गुंडाळी केलेला जोडला आहे. टेबलावर ठेवून वाचू नका, उभं राहून वरून खाली सोडा. भडंग खाऊन हात लावू नये. परत पाठवायची गरज नाही, पहिला भाग फुकट आहे. दुसऱ्याचे पैसे पडतील.

आपली,
एक जुनी वाचनालयवाली
खणभाग, सांगली

ता. क. नाव छापू नये. नात म्हणते, लोक तिची चित्रं आज्जीमुळे वाचतील.